उजव्या डोळ्याचं लोखंड

कानस घसरायला हवी होती, ती रुतली. आम्रपालीने पातं दारातून येणाऱ्या उजेडाकडे तिरकं धरलं. धारेच्या जरा वर एक चकचकीत ओरखडा उठला होता आणि तिच्या अंगठ्याला करड्या भुकटीची रेघ लागली होती. तापवून तेल पाजलेल्या, कडक झालेल्या पोलादावर कानस फिरवली की ती काचेवरून नख जावं तशी निसटते, नुसता एक कोरडा, उर्मट आवाज येतो. तो आवाज ऐकायला तिला आवडत असे. आज तो आलाच नाही. साबणाच्या वडीत सुरी जावी तशी कानस आत गेली. म्हणजे पातं मऊ राहिलं होतं; भट्टीतून कच्चंच बाहेर आलं होतं. आणि ते बाहेर काढलं होतं तिने स्वतः, जराही न चाचरता, रंग ओळखून.

“काय झालं?” दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत शाल पांघरून बसलेल्या मंदाकिनीने विचारलं.

“काही नाही.”

“तू काही नाही म्हणालीस की मला धडकी भरते. एक्सचेंजमध्ये असंच म्हणायचीस, आणि थोड्या वेळात अर्ध्या खडकीचे फोन मुके.”

“पातं मऊ राहिलंय.”

“राहू दे की. मला काय मुंडकी उडवायची आहेत? भेंडी तर चिरायची.”

“मऊ पात्याने भेंडी चिरली जात नाही. चेचली जाते.”

“बरं बाई. आपण कारागीर. आम्ही आपले पेठेतले खाणारे.”

दोघींनी टेलिफोन खात्यात शेजारी शेजारी बसून उभी नोकरी केली होती, कानाला तेच जड हेडफोन लावून. मंदाकिनीच्या विळीचं पातं झिजून चंद्रकोरीसारखं झालं होतं आणि बाजारातली नवी पाती तिच्या मते पत्र्याची होती. म्हणून तिने हक्काने पातं मागितलं होतं आणि ते होताना बघायला रिक्षा करून विश्रांतवाडीला आली होती, सोबत शिऱ्याचा डबा घेऊन, आणि सूचना घेऊन.

निवृत्त झाल्यावर बायका वाती वळतात, सहली करतात. आम्रपालीने घरामागच्या स्कूटरच्या शेडमध्ये भट्टी घातली. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, त्याच्या तळाशी लोखंडी नळी, नळीच्या तोंडाला सुनेचा टाकून दिलेला हेअर ड्रायर. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा, कडुलिंबाच्या ओंडक्यावर खिळ्यांनी पक्का केलेला. ती जुन्या बाजारातून ट्रकच्या कमानपाट्यांचे तुकडे पारखून आणी, आणि विकणारे तिला ‘मावशी, हे जड आहे’ म्हणत तोवर ती ते पिशवीत टाकून चालू लागे. पहिल्या वर्षी तिने दगडी कोळसा जाळला, तेव्हा शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवरून बरंच महाभारत झालं. तेव्हापासून लोणारी, लाकडाचा कोळसा. तो महाग, लवकर संपणारा, तडतडून ठिणग्या उडवणारा, पण त्याचा धूर स्वच्छ. शेडच्या खिडकीला तिने गोणपाट लावलं होतं. पाहुण्यांना वाटे, झळ अडवायला. ते होतं अंधारासाठी. उन्हात तापलं लोखंड खोटं दिसतं. त्याचा खरा रंग सावलीतच कळतो. हे तिला कोणी शिकवलं असं तिला आठवत नव्हतं. अंधार तिच्या आठवणीतच होता, भट्टीसकट.

ती आठवण खडकीची. तिथल्या फॅक्टरीच्या क्वार्टर्सच्या मागच्या बाजूला, पेरूच्या झाडाखाली, पोत्यांनी तीन बाजू झाकलेली जागा. तिचे वडील भीमराव फॅक्टरीतल्या लोहारशाळेत घणावर होते. पाळी संपवून घरी आले की चहा पिऊन पुन्हा आपल्या छोट्या भट्टीपाशी बसत आणि शेजारपाजाऱ्यांसाठी चिमटे, कोयते, झाऱ्याचे दांडे करत. गावी त्यांच्या वडिलांना लोहाराच्या ऐरणीपासून लांब उभं राहावं लागे. फाळ लांबून टाकायचा, तापून आला की लांबूनच उचलायचा. भीमरावांनी ती विद्या फॅक्टरीत मिळवली. ते म्हणत, तिथे घण उचलणाऱ्याला कोणी जात विचारली तर ती घणाच्या दोन ठोक्यांमध्ये विचारावी लागे, आणि तेवढा वेळ कोणाकडे नसे. त्या बोलण्यात त्यांचा सगळा विनोद होता आणि सगळा अभिमानही. नऊ वर्षांची आम्रपाली भट्टीला वारा घालणाऱ्या पंख्याचं चाक फिरवी. मग पाणी द्यायची वेळ आली की ते तिला उठवून आपल्या पुढ्यात उभं करत, खांद्यावर हात ठेवत, आणि दोघं सळईकडे बघत राहत. काळा, मग काळ्याच्या आत कुठेतरी जाग, मग लाल, मग आणखी लाल. कुठल्याशा क्षणी खांद्यावरचा हात दाबला जाई आणि ते म्हणत, “हा.” रंगाला त्यांनी कधी नाव दिलं नाही. नुसतं “हा”. आणि सळई पाण्यात.

ते क्वार्टर सुटलं, हत्यारं कोणाकोणाकडे गेली, भीमराव जाऊन चाळीस वर्षं होत आली. एक फोटो आहे, पण तो फोटोग्राफरने दिलेल्या कोटातला आहे. त्यात ते नाहीत. आम्रपालीकडे त्यांचं म्हणून खरं जे उरलं होतं ते तो रंग. भट्टी लावली तीही त्याच्यासाठीच; हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण स्वतःपाशी कधी नाकारलंही नव्हतं. पहिली काही पाती वाया गेली, मग एके दिवशी निखाऱ्यांत तो रंग आला, खांदा आपोआप दबल्यासारखा झाला, तिने पातं तेलात बुडवलं आणि कानस घसरली. तेव्हापासून तिचा हात चुकला नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन मधले आठवडे गेले, आणि आज पहिल्यांदा भट्टी पेटली, तर हे.

“पुन्हा तापवते,” ती म्हणाली.

“तापव. शिरा गार होतोय, पण लोखंडापुढे शिऱ्याला कोण विचारतंय.”

ड्रायर घोंघावू लागला. निखारे आतून उजळले. तिने संरक्षणाचा चष्मा नीट बसवला आणि पातं सांडशीत धरून कोळशात सरकवलं, पुढेमागे, पुढेमागे, सगळीकडे सारखी धग लागेल असं. घाई केली नाही. पात्याच्या कडेला लाली फुटली, आत पसरली, पाठीपर्यंत गेली. रंग चढत होता आणि ती वाट बघत होती, तशीच, पेरूच्या झाडाखालची. आणि तो आला. नक्की आला. खांदा दबला. तिने पातं उचललं आणि शेंगदाण्याच्या तेलात सोडलं. ज्वाळ उठून बसली, शेडभर दिवाळीचा वास झाला. तिने पातं पुसलं, गार होऊ दिलं, कानस घेतली. कानस पुन्हा रुतली.

समाधान, तिचा मुलगा, कॉफीचा मग घेऊन मागच्या दाराशी उभा होता. त्याला सुट्टी होती आणि आईच्या डोळ्यांची काळजी होती, आणि या दोन्ही गोष्टी त्याच्या चेहऱ्यावर एकदम दिसत.

“आई, नवा डोळा घेतलास आणि पहिल्यांदा बघणार काय, तर निखारे.”

“डॉक्टरांना विचारलंय. चष्मा लावून करा म्हणाले.”

“मग ते मॅग्नेट का वापरत नाहीस? एवढं आणून दिलंय. यूट्यूबवर सगळे तेच करतात. तापलेलं स्टील चिकटायचं थांबलं की क्वेंच, सरळ तेलात. सिंपल आहे.”

“मला दिसतं.”

“दिसतं तर मऊ का राहतंय?”

मंदाकिनीने डब्याचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं. आम्रपालीला राग आला नाही. प्रश्न बरोबर होता, आणि बरोबर प्रश्नावर रागावणं तिला नोकरीतही जमलं नव्हतं.

“नसेल जमत तर आता बंद कर ना,” समाधान हळू आवाजात म्हणाला. “खूप केलंस. कोणी काही म्हणणार नाही.”

तो आत गेला. ती ओंडक्याशेजारच्या स्टुलावर बसली. काम चुंबकावर भागलं असतं, हे तिला समजत होतं. विळी झाली असती, भेंडी चिरली गेली असती. प्रश्न कामाचा नव्हता. तो रंग आला होता. तिने तो पाहिला होता, आणि लोखंड म्हणत होतं की नाही आला. मग खोटं कोण? मन असं असतं की एक खिळा निघाला की ते सगळी चौकट हलवून बघतं. कदाचित पेरूच्या झाडाखाली असा रंग नव्हताच. खांद्यावरचा हातही तिने नंतर कधीतरी, रिकाम्या दुपारी, आपणच ठेवून घेतला असेल. म्हातारपणी माणसं अशी पुष्कळ माणसं बनवतात. पण हे तिला पटेना. तिने आयुष्यभर आवाजांवरून माणसं ओळखली होती. तिला काय खरं आठवतं आणि काय गोड वाटतं यातला फरक कळत होता.

“आणखी एकदा,” ती म्हणाली आणि ड्रायर लावला.

या वेळी एक निखारा तडकला आणि धुराचा लोट सरळ तोंडावर आला. चष्म्याच्या कडेने तो आत शिरला आणि नव्या डोळ्याला झोंबला. उजव्या डोळ्यातून घळघळ पाणी आलं. तिने तो घट्ट मिटला, सांडशी मात्र सोडली नाही. आणि एकट्या डाव्या डोळ्यासमोर पातं एकदम विझल्यासारखं झालं. ते थंड झालं नव्हतं, कोळसा तसाच फुललेला होता, पण मघाशी शेंदरी दिसणारं पातं आता गडद, सुस्त, काळपट लाल होतं. तिने डोळा उघडला: शेंदरी. मिटला: काळपट. उजवा, डावा. उजवा, डावा. दुकानातला ट्यूबलाइट आणि घरातला चाळीसचा बल्ब, तसं.

“डोळे मारतेस कोणाला?” मंदाकिनी म्हणाली.

“इकडे ये. लांबूनच बघ. कसा दिसतो रंग?”

“लाल. चांगला काळपट लाल. मला विचारू नकोस बाई, माझे दोन्ही डोळे अजून कच्चे आहेत. डॉक्टर दर सहा महिन्यांनी म्हणतो, पिकू द्या. मोतीबिंदू आहे का हापूस?”

आम्रपालीने उजवा डोळा मिटलेलाच ठेवला. डाव्या डोळ्यासमोर रंग सावकाश चढत गेला, उजव्याला जो केव्हाच येऊन गेला होता त्याच्या कितीतरी नंतर, आणि मग तो आला. तिने भिंतीवरचं, समाधानने आणलेलं चुंबक काढलं आणि पात्याला टेकवलं. चिकटलं नाही. लोखंडाने डाव्या डोळ्याची बाजू घेतली होती.

म्हणजे इतकी वर्षं ती पिवळ्या पडत चाललेल्या काचेतून बघत होती. ऑपरेशननंतर तिच्या लक्षात आलं होतं, पण वेगळ्या गोष्टींत: स्वयंपाकघरातल्या फरशा साय-रंगाच्या नसून पांढऱ्या होत्या, समोरच्या विहारावरच्या ध्वजातली निळी पट्टी इतकी निळी होती की तिने गॅलरीत जाऊन खात्री केली होती. डॉक्टर म्हणाले होते, रंग जरा बदलतील. ती हसली होती. रंग बदलतात म्हणजे साड्यांचे, असं तिने धरलं होतं. भट्टीतल्या रंगाचा विचार तिच्या डोक्यातही आला नव्हता. तो रंग तिला डोळ्यात आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

आणि येत्या गुरुवारी डावा डोळा होता.

हे कळलं आणि हातातली सांडशी जड झाली. गुरुवारनंतर हा काळपट, सुस्त लाल या जगात तिच्यासाठी उरणार नव्हता. तिने पातं तेलात घातलंच नाही. विटांवर तसंच ठेवलं, भट्टी विझू दिली. जेवताना ती समाधानला म्हणाली, “डावा डोळा राहू दे म्हणते मी. एकाने छान दिसतं.”

“एक जुना ठेवून काय करायचंय? स्पेअर?”

“समज तसं.”

“आई, पायऱ्यांवर अंदाज चुकतो तुझा. परवा चहा कपाच्या बाहेर ओतलास. कशासाठी पण?”

आम्रपालीने त्याच्या पानात भात वाढला. मंदाकिनी भात कालवता कालवता थांबली. “अगं, सांग त्याला,” ती म्हणाली, “नाहीतर तो समजेल आई घाबरली. आणि तू घाबरलीस असं कोणी समजलेलं मला चालणार नाही.” तेव्हा आम्रपालीने सांगितलं, साध्या चार वाक्यांत. समाधानने मान खाली घातली. आजोबा त्याला फोटोतल्या कोटाएवढेच माहीत होते. मग तो म्हणाला, “तू म्हणशील तसं. फोन करून मी कॅन्सल करीन. फक्त नक्की सांग.” त्याने वाद घातला असता तर तिला सोपं गेलं असतं; हे अवघड होतं.

दुपारी ती पलंगावर आडवी पडली, पण झोप नव्हती. छताचा पंखा एका डोळ्याने पांढरा होता, दुसऱ्याने सायीसारखा पिवळट. तिला वडिलांची शेवटची नोकरीची वर्षं आठवू लागली. त्या वर्षांकडे ती सहसा जात नसे, कारण त्यांत ते चिडचिडे होते. फॅक्टरीत त्यांचं काम परत येऊ लागलं होतं. छिन्नी तुटते, नाहीतर वाकते. ते घरी येऊन म्हणत, लोखंड पहिल्यासारखं राहिलं नाही. कुठून कुठून येतं, त्यात काय भेसळ असते कोण जाणे. चहाचा पेला दिव्यासमोर धरून विचारत, आज दूध कमी का? दूध तेवढंच असे. मग त्यांना भट्टीवरून काढून गोदामात बसवलं. ते म्हणत, आराम आहे. घरामागची भट्टीही त्यांनी त्याच सुमारास मोडली. तिला वाटे, माणूस थकतो. पण तीस वर्षं रोज निखाऱ्यांकडे बघणाऱ्याचे डोळे काय होतात हे आता तिला स्वतःच्या एका डोळ्यावरून कळत होतं. लोखंड तसंच होतं. त्यांच्या डोळ्यांवर साय धरली होती, रोज थोडी, त्यांना न सांगता. आणि त्यांनी आपल्या डोळ्यांऐवजी लोखंडाला दोष दिला होता. कोणीतरी त्यांना एक डोळा मिटायला सांगायला हवं होतं. पण साय दोन्हींवर असेल तर एक मिटून तरी काय कळणार.

मग ती उठून बसली. कारण पुढचा विचार आडवं पडून करण्यासारखा नव्हता. ती नऊ वर्षांची होती तेव्हा ते पंचेचाळिशीला आले होते. साय तेव्हाच धरू लागली असणार. खांद्यावर हात ठेवून दोघं एकाच सळईकडे बघत होते, आणि त्यांना दिसत होता तो हा काळपट, तिच्या डाव्या डोळ्यातला. आणि तिला, पोरीच्या धुतल्या डोळ्यांना, दिसत होता तो उजव्यातला शेंदरी. ते “हा” म्हणाले तेव्हा दोघांनी ऐकलं एकच आणि पाहिलं दोन. तो रंग त्या दोघांचा कधीच नव्हता. हाताचा दाब दोघांचा होता. पुढे तिचे डोळे म्हातारे होत गेले तसे ते वडिलांच्या डोळ्यांकडे चालत गेले, आणि भट्टी घातली तेव्हा ती नेमकी त्यांच्याजवळ पोचली होती. म्हणून तर ते पहिलं पातं साधलं तेव्हा ते इतके जवळ वाटले होते. तिच्या आठवणीने नऊ वर्षांच्या पोरीचा रंग पुसून वर बापाचा रंग दिला होता, आणि तिला पत्ता लागला नव्हता. यात दुःख करण्यासारखं काही आहे का, हे तिने चाचपून पाहिलं. सापडेना. उलट एक विलक्षण ऐसपैस वाटलं. त्यांना काय दिसत होतं ते तिला दिसलं होतं. किती मुलींना हे मिळतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाकिनी पुन्हा हजर. “पातं घेतल्याशिवाय मी घरी गेले तर श्यामसुंदर म्हणतील, रिक्षाचेच पैसे विळीला झाले असते,” ती म्हणाली. श्यामसुंदर तिचे यजमान.

आम्रपालीने भट्टी पेटवली. आज तिने घाई तर केली नाहीच, पण वाटही पाहिली नाही. ती काम करत होती. उजवा डोळा मिटून डाव्याने रंग चढू दिला. काळपट लाल खोल झाला, भरला, आणि जिथे नेहमी खांदा दबत असे तिथे पोचला. पातं तिथेच धरून, कोळशावर तसंच तोलून, तिने डावा मिटला आणि उजवा उघडला. तेच पातं, तीच धग. उजव्यासमोर ते पिकल्या पपईच्या आतल्या बाजूसारखं होतं, कडेला जरा पिवळट, आतून उजेड आल्यासारखं. याला तिच्याकडे आठवण नव्हती. तिने ते नीट पाहून घेतलं, नव्या माणसाचा चेहरा पाहून घ्यावा तसं, नाक, कपाळ, हनुवटी. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. मग दोन्ही उघडून तिने पातं तेलात सोडलं.

“मेलं किती उडतं ते तेल!” मंदाकिनी खुर्चीसकट मागे सरकली.

पातं गार झाल्यावर कानस मंदाकिनीच्याच हातात दिली. तिने भीत भीत फिरवली. ती निसटली आणि तिच्या हाताला हिसका बसला.

“अगंबाई! हे तर उर्मट झालं.”

“आता पुन्हा हलकं तापवून कडकपणा जरा उतरवायचा. नाहीतर काचेसारखं तुटेल. मग धार.”

“म्हणजे अजून एक शिऱ्याचा डबा.”

आम्रपाली पदराला हात पुसत मागच्या दाराशी गेली आणि समाधानला हाक मारून म्हणाली, “गुरुवारचं राहू दे तसंच. किती वाजता निघायचं?” त्याने लॅपटॉपवरून मान वर केली. “सात,” तो म्हणाला. “आणि उपाशी नाही, हं. हलकं खाऊन.”

बुधवारी मंदाकिनी नव्हती, पातं तिच्या घरी पोचलं होतं. आम्रपालीने सकाळी भट्टीत मूठभरच कोळसा घातला आणि एक बिनकामाची सळई त्यात सरकवली. तिचं काहीच करायचं नव्हतं. ड्रायर तिने अगदी मंद ठेवला. उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला, आणि डाव्याने बघत राहिली, काळ्यातून लाल, लालातून त्यांचा तो सुस्त, भरलेला रंग. तो आला तेव्हा तिने ड्रायर बंद केला, सळई बाहेर काढून विटांवर ठेवली आणि सांडशी बाजूला ठेवून समोर बसली. पाण्यात, तेलात, कशातच घातली नाही. रंग टोकाकडून उतरू लागला, आधी कडा, मग मधली रेघ, मग मधल्या रेघेतलं एक टिंब. मग सगळं काळं. पण काळं पडलं म्हणजे निवलं असं लोखंडाच्या बाबतीत नसतं; रंग गेल्यावरही पुष्कळ वेळ ते हात भाजेल इतकं गरम राहतं. हे तिला माहीत होतं. तिने रुमाल सोडला आणि तशीच बसून राहिली. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं. सोसायटीत भाजीवाला येऊन गेला. मग तिने हात पुढे केला, आधी वरून धग बघितली, मग एक बोट टेकवलं, आणि सळई उघड्या हाताने मुठीत धरली. ती कोमट होती.